ट्रायथलॉनसाठी सायकल बांधून घेताय? एरोबार कसा निवडायचा?

1989च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमॉन्ड 50 सेकंदांनी मागे होते. 24.5 किलोमीटरच्या त्या टाइम ट्रायलमध्ये त्यांनी कोपरं टेकवता येणारं हँडल वापरलं आणि स्पर्धा 8 सेकंदांनी जिंकली. हे हँडल म्हणजेच एरोबार.

त्याचा उपयोग काय?

वेगात असताना हवेचा बहुतांश अडथळा सायकलमुळे नाही, तर चालवणाऱ्याच्या शरीरामुळे होतो. एरोबारवर हात जवळ येतात, पाठ खाली जाते. आयर्नमॅनमध्ये दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवायला मनाई असल्याने हा फायदा मोठा ठरतो.

मग जास्तीत जास्त वाकायचं का?

नाही. 180 किलोमीटर सायकलिंगनंतर 42.2 किलोमीटर धावायचं असतं. मान-कंबर दुखून वारंवार उठून बसावं लागलं, तर फायदा तिथेच संपतो.

निवडताना काय पाहाल?

कोपरांखालच्या पॅडची उंची, रुंदी आणि पुढचं अंतर बदलता यायला हवं. एकसंध हँडल हवा छान कापतं, पण त्यात फेरफाराला वाव कमी असतो. त्यामुळे पहिल्या सायकलला सुट्या भागांचं हँडल बरं.

क्रमही महत्त्वाचा. आधी फिटिंग करून पॅडची जागा ठरवा, मग हँडल आणि शेवटी फ्रेमचं माप.

एक लक्षात ठेवा, ब्रेक सहसा बाहेरच्या दांड्यावर असतात. त्यामुळे गर्दीत आणि वळणावर हात तिथेच हवेत.