जेवणाआधीचे हात

मंडळी, आज जेवायला बसताना एक गंमत पाहा. शेतावरून आलेला घरधनी मोरीवर जातो, हातांवर अर्धा तांब्या पाणी ओततो, हात झटकतो आणि पाटावर बसतो. तोच माणूस जेवण झाल्यावर मात्र बोट न् बोट चोळून धुतो. कारण तेल-तिखट डोळ्यांना दिसते. शेणाचा किंवा शौचाचा राहिलेला अंश दिसत नाही, तो घासाबरोबर पोटात जातो.

स्वच्छ दिसणारा हात जीवही घेतो. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक सुइणींकडे, दुसरा डॉक्टर व त्यांच्या विद्यार्थ्यांकडे. नवल असे, की डॉक्टरांच्याच विभागात बाळंतज्वराने जास्त बायका मरत. १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला कारण उमगले. शिकाऊ डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत. त्याने दारातच क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका दगावल्या होत्या, त्या जुलैत जेमतेम एक! तरी पुष्कळ डॉक्टरांना राग आला. आमच्या हातांनी रोग पसरतो म्हणजे काय?

त्यांना हसू नका. बाळाची शी काढून त्याच हाताने त्याला भात कालवून भरवणाऱ्या आजीला कोणी टोकले, तर तीही असेच म्हणेल, "मी काय परकी आहे?" तान्ह्याची शी निरुपद्रवी, हा समज तर घरोघरी आहे. तो खोटा आहे. तिच्यातही जुलाबाचे जंतू असतात, आणि जुलाबाने कोवळे मूल पाहता पाहता सुकते. साबणाने हात धुण्याची सवय लागली, की जुलाबाचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटते, असे अनेक ठिकाणच्या पाहणीत दिसले आहे.

तेव्हा मायबहिणींनो, शौचाहून आल्यावर, बाळाचे धुतल्यावर, गोठ्यातून आल्यावर, आणि स्वयंपाकाला, भरवायला वा जेवायला बसण्यापूर्वी साबण लावाच. वीस आकडे मोजेपर्यंत चोळा; बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा विसरू नका. साबण संपला असेल तर चुलीची राख चालेल, माती नको. आणि धुतलेले हात पदराला पुसू नका. दिवसभर त्याच पदराने बाळाचे नाकही पुसलेले असते!

पाण्याची ओढ आहे, हे खरे. पण एवढ्याला बादली लागत नाही. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, बुडाशी तापल्या खिळ्याने भोक पाडा, त्यात काडी बसवा आणि शौचालयाजवळ टांगा. काडी काढली की बारीक धार येते, एका तांब्यात दोघांचे हात निघतात. साबणाची वडी जुन्या पायमोज्यात घालून शेजारी बांधा, म्हणजे ती कोंबड्या-कावळ्यांपासून वाचेल. फवारणीच्या औषधाचा कॅन मात्र कितीही विसळला तरी या कामी घेऊ नका.