रोजा, गोळी आणि लपवाछपवी

मैत्रिणींनो, आमची माजरी कोळशाची. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींमुळे इथे चार मुलखांची माणसं शेजारी राहतात. भिंतीच्या अल्याड चतुर्थी तर पल्याड रोजा! बचत गटाच्या निमित्ताने घरोघरी जाणं होतं आणि दर रमजानला एक गोष्ट खटकते. शुगरची गोळी सोडलेली असते, बाळ अंगावर पीत असतं, तरी बाईचा रोजा चालूच. का, तर "लोग क्या बोलेंगे, भाभी!"

लोकांचं सोडा, धर्म काय म्हणतो? कुराणाच्या सूरह बकराच्या १८३ ते १८५ या आयतींमध्ये रोज्याचा हुकूम आहे आणि सवलतही तिथेच आहे. आजारी आणि प्रवासी यांनी सुटलेले रोजे नंतर सवडीने धरायचे, म्हणजे 'कजा' करायची. प्रवासाचं अंतर हनफी उलेमा साधारण ७७ किलोमीटर सांगतात, काही ९२. म्हणजे माजरीहून चंद्रपूरला बाजाराला गेलात तर सूट नाही. नागपूरला निघालात तर आहे.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटली, तर तिलाही सूट आहे. आपल्या विदर्भात बहुतेक हनफी, त्यांच्यात नंतर फक्त कजा. कोकणातले मुसलमान शाफई. तिथे केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला, तर कजेसोबत गरिबाला अन्नही द्यावं लागतं. फार म्हातारं किंवा कायमचं आजारी माणूस असेल, तर दर रोज्यामागे 'फिदिया' : एका गरिबाचं जेवण, किंवा पावणेदोन-दोन किलो गहू, नाहीतर त्याची किंमत.

आणि पाळी? त्या दिवसांत सूट नव्हे, मनाईच आहे. रोजा धरला तरी तो होत नाही. राहिलेले रोजे नंतर भरायचे, नमाज मात्र भरावी लागत नाही. तरीही कितीतरी पोरी सासऱ्या-दिरांच्या लाजेने सहेरीला उठतात, दिवसभर उपाशी राहतात आणि मोरीत जाऊन चोरून पाणी पितात. अहो, जो रोजा होतच नाही, त्याच्यासाठी हा जाच कशाला?

आता रोजा कशाने तुटतो ते. जाणूनबुजून खाल्लं-प्यायलं किंवा दिवसा नवरा-बायकोचा संबंध आला तर तुटतो. हनफींत त्याला कजा आणि वर 'कफ्फारा', म्हणजे सलग साठ रोजे. ते झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवण. विसरून खाल्लं तर तुटत नाही; आठवताच थांबायचं. कुल्ली करताना चुकून पाणी घशाखाली गेलं, तर हनफींत तो तुटतो, पण एकाला एकच कजा. आपोआप उलटी झाली तर चालतं. भाजीचं मीठ? नवरा तापट असेल तर जिभेच्या टोकाने चाखून थुंकायला जुन्या ग्रंथांतच परवानगी आहे. तापट नवरे त्याही काळी होते म्हणायचे!

दवाखान्याची भीती सगळ्यात जास्त. बोटाला टोचून शुगर बघितली, रक्त दिलं, इन्सुलिन घेतलं तर बहुतेक उलेमांच्या मते रोजा तुटत नाही. दम्याच्या पंपाने हनफींत तुटतो. सलाईनबद्दल मतं वेगळी आहेत, ते आपल्या मौलानांना विचारा. पण दम लागल्यावर पंप आधी, विचारणं नंतर. शुगर फार उतरली, हातपाय कापू लागले, तर लगेच साखर तोंडात टाका. अशा वेळी तोडलेल्या रोज्याला कफ्फारा नाही, फक्त कजा.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता, आमच्या जिल्ह्यात पारा ४७ च्या पुढे गेलेला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून आता थंडीकडचे दिवस आले आहेत. सुटलेल्या रोज्यांची कजा डिसेंबर-जानेवारीच्या लहान दिवसांत करता येते, तहानही कमी लागते. टीबी, बीपी, शुगरच्या गोळ्यांच्या वेळा मात्र चांद दिसायच्या पंधरा दिवस आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या. आशाताई सोबत येतील. आणि जाताना सासूबाईंनाही घेऊन जा.