बोट नंतर, आधी वारा

मॉरिशसहून परतलेल्या जोडप्यांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. पांढरी कॅटमरान, पुढच्या जाळीवर पसरलेले पाय आणि जाळीखाली निळंशार पाणी. आमच्याकडेही तो आहे. त्यानंतरच्या तासाभराचा फोटो मात्र कुणीच काढला नाही. हातात हिरवा चुडा, तोंडाशी पिशवी धरून बसलेली नवी नवरी आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत ‘कॅटमरान लागत नाही म्हणाले होते’ असं पुटपुटणारा नवरा. महिना जुलै.

‘कॅटमरान लागत नाही’ हे अर्धंच खरं आहे. एका सांगाड्याची शिडाची बोट वाऱ्यासरशी एका कुशीवर कलते. कॅटमरानचे दोन सांगाडे एकमेकांपासून लांब असल्यामुळे ती फारशी कलत नाही, ग्लासातलं सरबत सांडत नाही. मालवणकडच्या होडीला बाजूने उलांडी लावतात, त्यामागचा हिशेब हाच. पण लाट आडवी आली की आधी एक सांगाडा उचलला जातो, मग दुसरा, आणि बोट झटके देत हलते. काहींना हेच झटके संथ डोलण्यापेक्षा जास्त बाधतात. ती फोटोवाली जाळी अगदी नाळेकडे असते, म्हणजे बोटीच्या सगळ्यात जास्त उसळणाऱ्या टोकाला. ज्याला गाडी लागते त्याने मधे, जरा मागच्या अंगाला बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी आणि फोन खिशात. डॉक्टरांना विचारून घ्यायची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. उपाशीपोटी निघणं हा तर घरगुती गैरसमज. थोडंसं कोरडं खाऊन निघालेलं बरं.

जाता जाता नावाविषयी. कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. मात्र तो तमिळ कोळ्यांचा शेजारी शेजारी बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा. त्याला दोन सांगाडे नव्हतेच. जोडहोड्यांची परंपरा पॅसिफिक बेटांवरची. नाव एकीकडचं, घडण दुसरीकडची.

आता मुख्य घोळाकडे येऊ. लोक बोटीचे फोटो आणि दर ताडून पाहतात, पण आपण बेटाच्या कोणत्या अंगाला जाणार आहोत हे विचारत नाहीत. ‘समुद्र सगळीकडे सारखाच’ हा मॉरिशसमधला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जून ते सप्टेंबर त्यांचा जोर असतो. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर वारा थेट अंगावर, तर पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला. बेटाला बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कडं आहे. कड्याच्या आत उथळ, निवांत लगून. बाहेर उघडा हिंदी महासागर. पूर्वेला त्रू दो दूसकडून इल ओ सेर्फला जाणारी बोट बराचसा वेळ कड्याच्या आत असते, त्यामुळे वारा लागला तरी मोठ्या लाटा लागत नाहीत. उत्तरेला ग्राँ बेहून गाब्रिएल बेटाकडे जाताना मात्र कड्याबाहेर पडावंच लागतं. क्वँ द मिरचा तो पाचरीसारखा डोंगर जवळ येईपर्यंत बोट लाटांवर आपटत राहते. आमची सहल हीच होती. त्याच दिवशी नैर्ऋत्येला ल मॉर्नच्या आडोशाने इल ओ बेनितिएला गेलेले लोक दुपारी हसतमुखाने परतले.

कोकणी माणसाला इथे आणखी एक सवय सोडावी लागते. समुद्र म्हटला की आपण आधी भरती-ओहोटी विचारतो. मुंबईत पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मॉरिशसमध्ये हा फरक साधारण अर्ध्या मीटरचा. तिथला दिवस ठरवतो तो वारा.

ऋतूंचंही तसंच. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा. पाणी २२-२३ अंशांवर येतं आणि ओल्या अंगाला वारा झोंबतो. जानेवारी ते मार्च पाणी कोमट, पण चक्रीवादळांची भीती. दिवाळीच्या सुट्टीतले ऑक्टोबर-नोव्हेंबर मला तरी सगळ्यात बरे वाटतात.

‘शिडाची बोट म्हणजे शिडावर जाणार’ असं धरून चालू नका. दिवसभराच्या बऱ्याच सहली इंजिनावर होतात. वेळापत्रक सांभाळायचं असतं आणि वारा समोरून असला की शीड निरुपयोगी. शिडाचीच हौस असेल तर तसं आधी विचारा. धबधब्याचंही तेच. जाहिरातीत कॅटमरानच्या शेजारी दिसणारा ग्राँ रिव्हिएर स्युद एस्तचा धबधबा पाहायला बहुधा छोट्या स्पीडबोटीत बसवतात, कधी वेगळे पैसे घेऊन.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर फळ्यावर ‘रुपये’ वाचून खूश होऊ नका. तो मॉरिशसचा रुपया, आपल्या जवळजवळ दुप्पट. आणि ‘सगळं समाविष्ट’ यात हॉटेलपासून धक्क्यापर्यंतची गाडी आहे का, हे स्वतंत्र विचारायचं. जेवण म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला पेटवलेली शेगडी, तिच्यावर मासे, कोंबडी आणि सॉसेज. शाकाहाऱ्याने आयत्या वेळी सांगितलं तर पाव आणि सॅलड मिळतं, क्वचित त्याच जाळीवर भाजलेला बटाटा. बुकिंग करतानाच सांगितलं तर डाळभातही होतो. शाकाहार तिथे कुणाला नवा नाही, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असलेला देश आहे तो.

डॉल्फिन मात्र कॅटमरानच्या भरवशावर सोडू नका. तामारँच्या उपसागरात येणारे स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात भक्ष्य शोधतात आणि दिवसा आडोशाला विसावतात. ते दिसतात सकाळी लवकर, नऊला निघालेली बोट पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. बोटींनी घेरा घालून त्यांच्यात उड्या मारणं म्हणजे दमून झोपलेल्याला उठवणं. असला कार्यक्रम असेल तर मी ती सहलच टाळीन.

शेवटचा गैरसमज आमच्याच गटातला. वारा फार म्हणून एका कॅप्टनने सहल रद्द केली, तेव्हा ‘पैसे घेऊन बुडवतो’ असा गलका झाला. खरं तर न जाणाऱ्या कॅप्टनवर जास्त विश्वास ठेवावा. फक्त पैसे परत की दुसरी तारीख, हे भरण्याआधी लिहून घ्यावं. दुसऱ्यांदा बुकिंगला गेलो तेव्हा मी बोटींचा अल्बम उघडलाच नाही. उद्या वारा कसा आहे, एवढंच विचारलं. टेबलामागच्या माणसाने संगणकाकडे न बघता खिडकीतून माडांच्या शेंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “परवा जा. आणि पश्चिमेला जा.”