भांड्यावर नाव कुणाचं? अँथनी गोन्साल्विस यांची ओळख

तत्त्वज्ञानाचा मास्तर आज सिनेमाच्या संगीतावर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण विषय सिनेमाचा असला तरी प्रश्न जुनाच आहे. एखादी गोष्ट अनेकांनी मिळून केली, तर ती ‘केली’ कुणी?

अँथनी गोन्साल्विस हे नाव उच्चारलं की समोरचा माणूस हसतो. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त मोठ्या अंड्यातून बाहेर येणारा, डोक्यावर उंच हॅट घातलेला अमिताभ त्याला आठवतो. ते नाव काल्पनिक नाही बरं का. त्या चित्रपटाचं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्यातले प्यारेलाल लहानपणी ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, त्या गुरूचं हे नाव.

हे गुरू गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७ चा. वडील चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, सोबत व्हायोलिन. हेतू प्रार्थनेचा होता. पण त्यातून पिढ्यान्पिढ्या अशी माणसं तयार झाली, ज्यांच्यासमोर लिहिलेला कागद ठेवला की ती तो वाजवू शकत. मुंबईच्या सिनेमाला नेमकी हीच माणसं हवी होती. गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते अरेंजर झाले.

आता अरेंजर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. मुखडा, अंतरा. पण गाणं तेवढंच असतं का? गायिका सुरू करण्याआधी काहीतरी वाजतं, दोन अंतऱ्यांच्या मध्ये वाजतं, आणि ती गात असतानाही तिच्या मागून व्हायोलिनची एक वेगळीच ओळ चाललेली असते. कुठे चेलो हवा, कुठे ट्रम्पेट थांबवायचा, प्रत्येक वादकाच्या हातात कोणता कागद द्यायचा, हे सगळं अरेंजर लिही. त्या काळी गायक आणि वादक एकत्रच रेकॉर्ड होत. एकाचं चुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. कागद पक्का नसेल तर दिवस वाया जाई.

यात एक खरी अडचण होती आणि तीच मला सगळ्यात मोलाची वाटते. आपला राग म्हणजे एका वेळी एक स्वर, मागे तंबोरा. पाश्चात्त्य हार्मनीत तीन-चार स्वर एकदम वाजतात. भूप घ्या: सा रे ग प ध. ‘सा ग प’ एकदम वाजवले, छान. ‘ध सा ग’ वाजवले, तेही चालतात. आता पंचमावर तसंच उभं करायला गेलात तर ‘प नी रे’ लागतात, आणि निषाद तर भूपात वर्ज्य! रिषभावर उभं करा, मध्यम आडवा येतो. म्हणजे हार्मनीचं पुस्तक पाळलं की राग मोडतो आणि राग पाळला की पुस्तक. वृंदावनी सारंगात तर गंधारच नाही, त्यामुळे षड्जावरचं पहिलं घरसुद्धा पुरं होत नाही. यातून निघायची एक वाट अशी, की स्वर एकमेकांवर रचायचेच नाहीत. दोन-तीन स्वतंत्र ओळी शेजारी शेजारी चालवायच्या आणि प्रत्येक ओळ रागातच ठेवायची. ऐकायला सोपं, लिहायला महाकठीण.

गोन्साल्विस यांना हा प्रश्न तीन मिनिटांच्या गाण्यापुरता नको होता. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभी केली आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सिनेमात रोजंदारीवर वाजवणारे वादक त्या दिवशी गाण्याच्या मागे नव्हते, पुढे होते. सारंग रागात त्यांनी व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी एक कॉन्चेर्टोही लिहिला. मघाशी मी सारंगाचं उदाहरण उगाच घेतलं नव्हतं!

पण असा वाद्यवृंद पोसणार कोण? राजाश्रय संपलेला, आणि निर्मात्याला गाणं हवं, सिंफनी नको. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. मुंबईच्या सिनेमाकडे पुन्हा वळले नाहीत.

आता प्रश्नाकडे येऊ. सोनगीरकरांना तो समजावून सांगायला मला ग्रीस गाठायची गरज नाही. तुमच्या गावची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. लग्नात हंडा देतात तेव्हा त्यावर नाव कोरतात. कुणाचं? देणाऱ्या मामाचं, आत्याचं. ज्याने ठोकून तो आकार दिला, त्या कारागिराचं नाव असतं का? सिनेमाच्या पाट्यांवर असंच होतं. अरेंजरचं नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून.

काही अभ्यासू मंडळी आता उलट टोकाला जातात. म्हणतात, खरे संगीतकार हेच, बाकीच्यांनी नुसती नावं लावली. हे मला पटत नाही. नौशादांची चाल पेटीवर एकट्याने वाजवा, ती नौशादांचीच राहते. चाल ज्याची त्याची. पण आपण घरी ऐकतो ती नुसती चाल नसते. सुरुवातीचं व्हायोलिन लागलं की आपण गाणं ओळखतो, शब्द यायच्या आधीच. मग ओळखीची खूण ज्याने लिहिली, त्याचा गाण्यावर काहीच हक्क नाही? ‘सहायक’ या शब्दात हा हक्क मावत नाही आणि ‘संगीतकार’ या शब्दातही नाही. तिसरा शब्द आपण घडवलाच नाही. तशात अरेंजरांनी लिहिलेले कागदही फारसे कुणी जपले नाहीत, त्यामुळे कुणाची ओळ कोणती हे आज कानानेच शोधावं लागतं.

तेव्हा घरी गेल्यावर १९५० च्या दशकातलं आवडतं गाणं लावा, शक्यतो कानाला हेडफोन लावून. पहिल्यांदा गायिकेकडे लक्ष द्याल, ते द्या. दुसऱ्यांदा तिला सोडा आणि मागची व्हायोलिनं धरा. ती ओळ गुणगुणता आली तर पुढच्या खेपेला मला म्हणून दाखवा.

गोन्साल्विस पुढे माजोर्ड्याला परतले. जानेवारी २०१२ मध्ये ते गेले.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने बोला, मला अलीकडे कमी ऐकू येतं.