‘डाएट’कडून ‘झिरो’कडे : बिनसाखरेची एनर्जी ड्रिंक्स आणि पुरुष ग्राहक

यजमानाने चहा पुढे केला असता पाहुण्याने “मला बिनसाखरेचा” असे म्हटले, की “केव्हापासून?” हा प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो. पाहुण्याच्या वाक्याचा वाच्यार्थ चहापुरता मर्यादित आहे. यजमान मात्र त्यावरून त्याच्या प्रकृतीविषयी अनुमान करतो. साखर वर्ज्य करणारा मनुष्य आजारी असावा, अथवा स्थूलतेला भ्यालेला असावा, हा व्यंग्यार्थ त्या ‘बिन’ला चिकटलेला आहे. बिनसाखरेची पेये पुरुषांना विकू पाहणाऱ्या कंपन्यांपुढे हीच अडचण उभी राहिली. तिचे निरसन मुख्यतः शब्द बदलून कसे झाले, आणि त्या बदलात काय दृष्टीआड गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अमेरिकेत हा प्रश्न प्रथम कोलाच्या बाबतीत उद्भवला. कोका-कोला कंपनीने १९६३ मध्ये ‘टॅब’ हे साखरविरहित पेय बाजारात आणले. १९६४ मध्ये ‘डाएट पेप्सी’ हे नाव पुढे आले, आणि १९८२ मध्ये ‘डाएट कोक’ अवतरले. ‘डाएट’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ जीवनपद्धती असा आहे. वैद्यकात तो आहारनियमाचा वाचक झाला, आणि विसाव्या शतकात सामान्य व्यवहारात वजन घटविण्याच्या खटाटोपापुरता त्याचा अर्थसंकोच झाला. ‘टॅब’च्या जाहिरातींचा रोख सडपातळ बांधा जपू पाहणाऱ्या स्त्रियांकडे होता. अशा दीर्घ साहचर्याने ‘डाएट’ला स्त्रीविशिष्ट छटा आली. तो शब्द छापलेला डबा हाती धरणे म्हणजे आपल्या शरीराविषयीची चिंता चारचौघांत कबूल करणे, असे पुष्कळ पुरुषांस वाटू लागले.

या अडचणीतून निघण्याचे दोन मार्ग दिसतात. पहिला उघड निषेधाचा. २०११ मध्ये ‘डॉक्टर पेपर टेन’ हे दहा कॅलरींचे पेय अमेरिकेत सर्वत्र आले, ते ‘हे स्त्रियांसाठी नव्हे’ अशा अर्थाचे घोषवाक्य घेऊन. प्राग संप्रदायाच्या त्रुबेत्स्कॉय व याकोबसन यांनी चिन्हित आणि अचिन्हित पदांचा जो भेद सांगितला, त्याचा येथे उपयोग होतो. जे गृहीत असते त्यावर चिन्ह लागत नाही. पुरुषत्वाची अशी जाहीर ग्वाही देताच ते संशयास्पद असल्याची सूचनाही त्याच वाक्यातून मिळते. २०२१ मध्ये त्याच पेयाचा नवा साखरविरहित प्रकार आला, तेव्हा त्याने ‘झिरो शुगर’ हेच नाव पत्करले.

दुसरा मार्ग म्हणजे हे ‘झिरो’. २००५ मध्ये आलेल्या ‘कोका-कोला झिरो’चा रोख प्रामुख्याने तरुण पुरुषांकडे होता. ‘डाएट’ हा शब्द पिणाऱ्याच्या वर्तनाविषयी बोलतो. तो पथ्य सांगतो. ‘झिरो’ पेयाविषयी बोलतो. तो मोजमाप सांगतो. पहिल्यात कर्ता माणूस आहे व त्याचा संयम आहे, दुसऱ्यात केवळ एक अंक आहे. अंकाला लाज नसते. भारतात हे पेय २०१४ मध्ये आले, तेव्हाही नाव ‘झिरो’च राहिले. आपल्या ‘शून्य’ला ‘शून्य किंमत’, ‘शून्यात पाहणे’ अशा प्रयोगांमुळे जी उणेपणाची छटा आहे, ती या उसन्या शब्दाला नाही.

एनर्जी ड्रिंक्सच्या बाबतीत पेच अधिक मोठा होता. १९८७ मध्ये ऑस्ट्रियात ‘रेड बुल’ विक्रीस आले आणि २००२ मध्ये अमेरिकेत ‘मॉन्स्टर’ आले. बैल, राक्षस, नखांचे ओरखडे, धाडसी खेळ ही या पेयांची प्रतिमासृष्टी. २५० मिलिलिटर ‘रेड बुल’मध्ये सुमारे २७ ग्रॅम साखर व ८० मिलिग्रॅम कॅफिन असते. त्याच्या २००३ मधील साखरविरहित प्रकारात कॅफिन तेवढेच राहिले. ऊर्जा मात्र सुमारे ११० किलोकॅलरींवरून दहाच्या आसपास आली. म्हणजे आहारशास्त्राच्या परिभाषेत ज्यात ऊर्जा जवळजवळ नाही, त्याच पेयाच्या नावात ‘एनर्जी’ हा शब्द आहे.

हा विरोध ग्राहकास जाणवत नाही, याचे कारण ‘एनर्जी’च्या अर्थांतरात आहे. येथे तिचा अर्थ उत्साह किंवा तरतरी असा झाला आहे. ती तरतरीही उसनी असते. ॲडिनोसिन नावाचे द्रव्य मेंदूतील ग्राहींशी जोडले जाऊन थकव्याची जाणीव करून देते. कॅफिन त्या जागा अडविते. थकवा नाहीसा होत नाही, त्याचा निरोप पोचत नाही, इतकेच. २०१२ मधील ‘मॉन्स्टर’च्या ‘झिरो अल्ट्रा’ या नावात तर अभाव आणि अतिरेक शेजारीशेजारी नांदतात: अभाव साखरेचा, अतिरेक जोमाचा.

आपल्या शास्त्रकारांनी नञर्थाचे दोन प्रकार मानले आहेत. प्रसज्यप्रतिषेधात केवळ निषेध असतो. पर्युदासात निषेधाच्या द्वारे तद्भिन्न अशा काही भावरूप वस्तूचा बोध होतो. ‘झिरो शुगर’ हे विधान वस्तुतः पहिल्या जातीचे आहे: साखर नाही, एवढेच. ग्राहक मात्र ते दुसऱ्या जातीचे समजून वाचतो. साखर हानिकारक, म्हणून साखरेवाचूनचे ते हितकारक, असा बोध तो करून घेतो. डब्यावर जे नाही ते ठळक अक्षरांत असते. जे आहे, म्हणजे कॅफिन आणि सुक्रॅलोजसारखे मधुरक, ते बारीक अक्षरांत. भारतीय नियमांनी अशा पेयास ‘कॅफिनयुक्त पेय’ असे नाव दिले आहे, आणि बालके, गर्भवती व स्तनदा माता यांस ते योग्य नसल्याची सूचना वेष्टनावर आवश्यक केली आहे. हे नाव रुक्ष खरे, परंतु ते असलेल्या वस्तूचे नाव आहे.

साखर टाळणे गैर आहे, असा याचा अर्थ नव्हे. मधुमेही मनुष्यास ते आवश्यकच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मधुरकांवर विसंबू नये असा सल्ला दिला, तोही मधुमेहींस वगळून. खेद आहे तो निराळा. पुरुषाने पथ्य पाळणे हे लाजिरवाणे मानले गेले, म्हणून त्या पथ्याला अंकाचा वेष चढवावा लागला. मूळ लाज मात्र तशीच राहिली. परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या मेजावर असा डबा दिसला, तर त्यांनी त्यावरील मोठा शब्द एकदा बाजूस ठेवून लहान शब्द वाचावेत. आणि चहाच्या वेळी एखादा गृहस्थ “मला बिनसाखरेचा” म्हणाला, तर आपण “केव्हापासून?” हा प्रश्न विचारू नये.