दीर्घगीताची एकात्मता

जेथ्रो टल या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७१ च्या ‘अ‍ॅक्वालंग’ला समीक्षकांनी एकसूत्री रचना ठरविले; गीतकार इयन अँडरसन यांस ते मान्य नव्हते. १९७२ च्या ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये त्यांनी त्या कल्पनेचे विडंबनच मांडले: कवी एक काल्पनिक शाळकरी मुलगा, वेष्टन म्हणजे वृत्तपत्र, आणि चाळिसांहून अधिक मिनिटांचे एकच गीत. तबकडी उलटताना त्यात खंड पडतो. परंतु तो यांत्रिक होय, कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगांप्रमाणे आशयाचा नव्हे. अर्थ पुष्कळदा दुर्बोध, किंबहुना हेतुतः दुर्बोध. मग एकात्मता कशात? आरंभीची चाल अखेरीस ध्रुवपदासारखी परतते, त्यात. मराठी-कन्नड दोन्ही कानी पडणाऱ्या दुधनीच्या श्रोत्यास इंग्रजी न कळताही ती ओळखता येईल.