सरकारी कंपनीतील अंतर्गत लेखापरीक्षण

सरकारी कंपनीतील अंतर्गत लेखापरीक्षण : कंपनीचे व्यवहार, तिची नियंत्रणव्यवस्था आणि तिच्यापुढील जोखमी यांची कंपनीने स्वतःच नेमलेल्या, परंतु दैनंदिन कारभारापासून अलिप्त ठेवलेल्या यंत्रणेकडून सातत्याने केली जाणारी तपासणी म्हणजे अंतर्गत लेखापरीक्षण होय. वार्षिक हिशेबांतून कंपनीच्या स्थितीचे खरे व रास्त चित्र उमटते की नाही, याविषयी भागधारकांना मत देणे हे वैधानिक लेखापरीक्षकाचे काम असते. अंतर्गत लेखापरीक्षकाचा अहवाल मात्र संचालक मंडळासाठी असतो आणि त्यासाठी वर्ष संपण्याची वाट पाहावी लागत नाही. भांडारातील माल नोंदवहीप्रमाणे आहे काय, निविदा उघडण्यापूर्वी बयाणा रक्कम जमा झाली होती काय, मोजमाप पुस्तकातील नोंदी प्रत्यक्ष कामाशी जुळतात काय, थकबाकी वसूल करण्याची कोणास घाई आहे की नाही, असे प्रश्न त्याच्या कक्षेत येतात [⟶ लेखापरीक्षण].

२०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार जिच्या प्रदत्त भागभांडवलाचा किमान ५१ टक्के हिस्सा केंद्र सरकार, एक वा अधिक राज्य सरकारे किंवा दोन्ही मिळून यांच्याकडे असतो, ती सरकारी कंपनी होय. तिची दुय्यम कंपनीही तीत अंतर्भूत होते. ‘सिडको’ ही १९७० मध्ये स्थापन झालेली कंपनी किंवा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन निर्माण झालेल्या वीज कंपन्या ही या प्रकाराची परिचित उदाहरणे. राज्य परिवहन महामंडळ किंवा आयुर्विमा महामंडळ यांची निर्मिती स्वतंत्र कायद्यांनी झाली. त्यांना या अर्थाने सरकारी कंपनी म्हणता येत नाही. मात्र येथे विचारात घेतलेले प्रश्न त्यांनाही बहुतांशी लागू पडतात.

मालकीचा प्रश्न : खाजगी कंपनीत भागधारक हा मालक व संचालक हा त्याचा विश्वस्त, असे नाते सरळ असते. सरकारी कंपनीत ही साखळी लांबते. अंतिम मालक नागरिक, त्याच्या वतीने विधिमंडळ, विधिमंडळाला उत्तरदायी मंत्री, मंत्र्याच्या हाताखालचे खाते, खात्याने नेमलेले संचालक आणि त्यानंतर व्यवस्थापकीय संचालक. या प्रत्येक दुव्याला कंपनीकडून काहीतरी हवे असते आणि ते नेहमी एकच नसते : नफा, रोजगार, विशिष्ट जिल्ह्यात कारखाना, स्वस्त वीज, निवडणुकीपूर्वी उद्‌घाटन. कंपनी सुशासन, ज्याला व्यवहारात ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ असेच म्हटले जाते, याचा सरकारी क्षेत्रातील गाभा हा की, या अपेक्षांपैकी कोणती कोणी, कोणत्या अधिकाराने व कोणत्या कागदावर व्यक्त केली, हे मागाहून सांगता यावे. दूरध्वनीवरून दिलेला आदेश लेखापरीक्षकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ त्या आदेशाचा परिणाम.

स्वतंत्र भारतातील या विषयाचा पहिला मोठा धडा आयुर्विमा महामंडळाच्या स्थापनेनंतर लगेचच मिळाला. महामंडळाने जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. महामंडळाची गुंतवणूक समिती अस्तित्वात होती. परंतु खरेदीपूर्वी तिचा सल्लाच घेतला गेला नाही. फिरोझ गांधी यांनी लोकसभेत हा प्रश्न उपस्थित केल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. आयोगाची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. येथे नियम अपुरे नव्हते. समिती होती, पण तिला वगळून पैसे देता येत होते आणि ते देताना कोणी अडवले नाही. व्यवहार तत्क्षणी थांबविणारी किंवा निदान त्याची नोंद वरपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा हवी, हा अंतर्गत नियंत्रणाचा मूळ विचार या घटनेतून जितका स्पष्ट होतो, तितका तो व्याख्यांतून होत नाही.

कायदेशीर चौकट : सरकारी कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात. १९५६ च्या अधिनियमान्वये ही नेमणूक प्रारंभी त्यांच्या सल्ल्याने केंद्र सरकार करीत असे. २००० च्या दुरुस्तीने ती थेट त्यांच्याकडे आली. लेखापरीक्षकाचा अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत महालेखापरीक्षक पूरक लेखापरीक्षण करू शकतात व त्यावरील त्यांचे अभिप्राय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे लागतात. त्यांचे अन्य अहवाल संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीकडे जातात; संसदेची ही समिती १९६४ मध्ये स्थापन झाली. याशिवाय त्याच वर्षी निर्माण झालेल्या केंद्रीय दक्षता आयोगाची देखरेख आहे. दक्षता आणि लेखापरीक्षण यांची सरकारी कार्यालयांत नेहमी गल्लत होते. दक्षता अधिकारी दोषी व्यक्ती शोधतो, तर लेखापरीक्षक दोष ज्या फटीतून शिरला ती फट शोधतो. ही गल्लत झाली की कर्मचारी लेखापरीक्षकापासून कागद दडवू लागतात.

अंतर्गत लेखापरीक्षण मात्र दीर्घकाळ ऐच्छिक होते. १९८८ च्या आदेशान्वये ठरावीक आकारावरील कंपनीत तिच्या व्यापाला साजेशी अंतर्गत लेखापरीक्षण पद्धत आहे काय, हे वैधानिक लेखापरीक्षकाने नमूद करावयाचे असे. पद्धत असलीच पाहिजे, असे कोठे म्हटलेले नव्हते. हे बंधन २०१३ च्या अधिनियमाच्या कलम १३८ ने घातले. सर्व सूचिबद्ध कंपन्या, तसेच असूचिबद्ध कंपन्यांपैकी २०० कोटी रुपये वा अधिक उलाढालीच्या किंवा मोठ्या कर्जाच्या कंपन्या यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमणे आवश्यक झाले. तो सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा संचालक मंडळाला योग्य वाटणारा अन्य व्यावसायिक असू शकतो. तो कंपनीचा नोकर असलाच पाहिजे असे नाही.

केंद्रीय कंपन्यांसाठी सार्वजनिक उद्योग विभागाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती २००७ मध्ये ऐच्छिक होती व २०१० मध्ये अनिवार्य झाली. त्यांनुसार सूचिबद्ध कंपनीचा अध्यक्ष कार्यकारी असल्यास निम्मे आणि इतर कंपन्यांत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. ही तत्त्वे राज्य सरकारांच्या कंपन्यांवर बंधनकारक नाहीत, ही मोठी उणीव होय.

स्वातंत्र्याचा प्रश्न : अंतर्गत लेखापरीक्षण विभागाचा प्रमुख कोणास उत्तरदायी असावा, यावर त्या विभागाचे सारे मूल्य अवलंबून असते. १९४१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अंतर्गत लेखापरीक्षकांच्या संस्थेने अशी भूमिका घेतली आहे की, कामाच्या बाबतीत तो संचालक मंडळास म्हणजे व्यवहारात लेखापरीक्षण समितीस आणि केवळ प्रशासकीय बाबतीत मुख्याधिकाऱ्यास उत्तरदायी असावा. सरकारी कंपनीत या विभागाचा प्रमुख पुष्कळदा वित्त विभागातूनच येतो आणि दोन-तीन वर्षांनी तेथेच परत जातो. ज्याच्या देयकांवर आज आक्षेप घ्यावयाचा, तोच उद्या त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार असतो. अशा स्थितीत अहवाल प्रवासभत्त्यातील किरकोळ त्रुटींनी भरतो आणि कंत्राटाच्या मुदतवाढीविषयी मौन बाळगतो. हे मौन भ्याडपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे ठरेल. ते त्या रचनेतच अंगभूत आहे.

लेखापरीक्षण समितीने त्याच्या पाठीशी उभे राहावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. या समितीत किमान तीन संचालक व त्यांत स्वतंत्र संचालकांचे बहुमत असावे लागते. परंतु सरकारी कंपनीत स्वतंत्र संचालक कंपनी नेमत नाही. ते नेमण्याचा अधिकार सरकारचा असतो आणि एखादी व्यक्ती त्या पदास पात्र आहे काय, हेही संबंधित मंत्रालयच ठरवते. जागा रिकाम्या राहिल्या की समितीच अपुरी पडते. २०२३ मध्ये शेअर बाजारांनी इंडियन ऑइल, ओएनजीसी, गेल इ. कंपन्यांना याच कारणास्तव दंड केला. नेमणुका आपल्या हाती नाहीत, असे कंपन्यांनी कळविले. दंड आकारला गेला कंपनीला, चूक होती मालकाची आणि अंतिमतः भुर्दंड पडला तो त्याच मालकावर, असा हा विचित्र प्रकार होय.

तंत्र व त्याच्या मर्यादा : जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रमाणक तपासण्यावर भर असे. सांप्रत जोखमीच्या अंदाजावरून वार्षिक कार्यक्रम आखतात व जेथे पैसा अडकण्याचा संभव जास्त, तेथे नमुने अधिक घेतात. या पद्धतीची मर्यादा पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील फोर्ट भागातील एका शाखेच्या प्रकरणात दिसून आली. राष्ट्रीयीकृत बँक ही कायद्याने सरकारी कंपनी नसली, तरी उदाहरण बोलके आहे. शाखेतून तारण न घेता परदेशी कर्जासाठी हमीपत्रे दिली जात होती. ती ‘स्विफ्ट’ संदेशप्रणालीतून जात. परंतु ही प्रणाली बँकेच्या मुख्य संगणकीय खातेव्यवस्थेशी जोडलेली नव्हती आणि हमीची नोंद खात्यांत होतच नव्हती. लेखापरीक्षक नमुने निवडत ते खातेव्यवस्थेतून; जे तेथे नव्हतेच, ते नमुन्यात येणे शक्य नव्हते. संबंधित अधिकारी त्याच कामावर अनेक वर्षे राहिला. तो २०१७ मध्ये निवृत्त झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये नव्या हमीपत्राची मागणी आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यांनी पूर्ण रोख तारण मागितले आणि ‘यापूर्वी ते लागत नसे’ या उत्तराने सारा प्रकार उघडकीस आला. बँकेने फेब्रुवारीत जाहीर केलेली रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपये होती. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून बँकांना सावध केले होते. दोन स्वतंत्र नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे, हे लेखापरीक्षणाचे सर्वांत जुने तंत्र. ते येथे वापरले गेले असते, तर संगणकाचे विशेष ज्ञानही लागले नसते.

राज्यांतील स्थिती : पुष्कळ राज्य कंपन्यांचे वार्षिक हिशेब अनेक वर्षे मागे पडलेले असतात, असे महालेखापरीक्षकांचे अहवाल वारंवार दाखवून देतात. हिशेबच मंजूर नसल्याने पूरक लेखापरीक्षणही तितकेच लांबते आणि विधिमंडळापुढे अहवाल येतो, तेव्हा त्या काळातील अधिकारी बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात. अशा कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षणाचे काम सामान्यतः बाहेरच्या सनदी लेखापालाकडे वर्षाच्या कराराने सोपविण्यात येते व शुल्क किमान ठेवण्याकडे कल असतो; साहजिकच तपासणीसाठी येणारे शिकाऊ उमेदवार मुख्यालयातील कागदांपलीकडे, गोदामापर्यंत किंवा प्रत्यक्ष कामापर्यंत, क्वचितच पोहोचतात. तरीही जेथे हिशेब पाच-सहा वर्षे थकलेले आहेत, तेथे चालू वर्षातील व्यवहारांविषयी संचालकांपुढे येणारा हाच एकमेव तपासलेला कागद असतो. पुष्कळ मंडळांच्या कार्यसूचीत तो अखेरच्या बाबींत, ‘नोंद घेतली’ या शेऱ्यासाठी ठेवलेला आढळतो.